तळमहाराजांची झारी

धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. पायऱ्यांवर माणसं, दोरखंडाच्या वेटोळ्यांवर माणसं, मालाच्या पेट्यांवर माणसं, आणि ज्यांना कुठेच चढायला मिळालं नाही ती पुढच्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी. सगळ्यांच्या नजरा माझ्या दादाच्या होडीवर खिळल्या होत्या. होडीत इंजिनाशेजारी मांडी ठोकून तळमहाराज बसले होते. डोळे मिटलेले, हातात लांब नळीची पितळी झारी, आणि समोर वीतभर काचेचं, पाण्याची खोली मोजायचं यंत्र. काचेवर तीन आडव्या रेघा होत्या, बाकी काही नव्हतं.

"पाहा," महाराज डोळे न उघडताच म्हणाले, "यंत्र आंधळं आहे. लांबून आलं, खोक्यातून आलं, पण दृष्टी घरी विसरून आलं."

गर्दी कौतुकाने हसली.

"समुद्र असा कुणालाही पोट दाखवत नाही. बायकोने पगार विचारला की नवरा कसा गप्प बसतो? तसा समुद्र बसतो. त्याला गोडीगुलाबीने बोलतं करावं लागतं. झाडाला पाणी कुठे घालतात?"

"मुळाशी!" गर्दी ओरडली. हा प्रश्न रोजचाच होता, त्यामुळे उत्तर पाठ होतं.

महाराजांनी दादाकडून पायाखालची फळी उचलून घेतली, खाली वाकले, काहीतरी पुटपुटले आणि झारी खाली ओतली. मी उभी होते तिथून मला फक्त त्यांची पाठ आणि झारीचा मागचा भाग दिसत होता. काच एकदा लुकलुकली. रेघा गेल्या आणि आकडा आला. नऊ फूट.

मग जो गलका झाला तो विचारू नका. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी हात जोडले. एका गृहस्थांनी भक्तीच्या भरात यंत्राऐवजी शेजारच्या बॅटरीलाच नमस्कार केला. मी दवाखान्याची पिशवी खांद्याला लावून उभी होते, पलीकडे पेशंट खोळंबले होते, आणि माझं डोकं तापलं होतं. मी सोनोग्राफी करते. माणसांच्या पोटात डोकावणं हा माझा रोजचा धंदा. पण त्यासाठी मला कुणी आजवर हात जोडलेले नाहीत, उलट रांग फार आहे म्हणून चार शब्द सुनावतात.

आता हे प्रकरण सुरू कसं झालं ते सांगते.

माझा दादा खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेतो. वाटेत पाण्याखाली वाळूचे दांडे, म्हणजे लांबट उंचवटे, आहेत आणि ते एका जागी राहत नाहीत. गेल्या वर्षी एक होडी भरल्या माणसांनिशी वाळूत रुतली, तेव्हापासून बंदराच्या साहेबांनी नियम केला की खोली दाखवणारं यंत्र चालू नसेल तर माणसं न्यायची नाहीत. दादाने जुनी लाकडी होडी विकून नुकतीच फायबरची घेतली होती. घरातली सगळी शिल्लक त्यात गेली होती. मग त्याने यंत्रही आणलं.

या यंत्राचे दोन भाग असतात. एक काच, आकडे दाखवणारी. दुसरा मुठीएवढा काळा गोळा. त्याचं खरं नाव ट्रान्सड्यूसर, पण धक्क्यावर सगळे त्याला 'कान' म्हणतात, आणि हे नाव जास्त बरोबर आहे. हा कान होडीच्या तळाला भोक पाडून बसवता येतो. पण दादासमोर असं बोलायची सोय नाही. नव्या होडीला, आणि तेही तळाला, भोक! आमच्या घराण्यात कुणी तसं स्वप्नातही केलेलं नाही. तेव्हा त्याने आणि त्याच्या इंजिनवाल्या मित्राने एक दुपार होडीत डोकी खुपसून कान आतल्या आत कसाबसा बसवला. काच सुरू केली, तर तीन रेघा.

दुकानात मात्र हेच यंत्र फडताळावर कोरडं ठणठणीत असताना त्यात मासे फिरत होते. गिऱ्हाइकांना दाखवायला दुकानदाराने लावलेलं ते नुसतं चित्र होतं. पण दादाने सरळ हिशेब केला. दुकानात चालतं, होडीत चालत नाही, म्हणजे खोट होडीत आहे.

नेमक्या त्याच दिवशी दादा वहिनीला घेऊन नुसतं यंत्र तपासायला निघाला, तर महाराज पलीकडे जायला म्हणून होडीत बसले. तोवर ते उचकी थांबवण्यासाठी प्रसिद्ध होते. पण उचकी आपली आपणही थांबते, त्यामुळे त्या धंद्यात फारसा मान उरला नव्हता. दादाचं पडलेलं तोंड बघून त्यांनी झारीतलं मंतरलेलं पाणी काचेवर शिंपडलं, काही झालं नाही. इंजिनावर शिंपडलं, काही झालं नाही. मग फळीखाली शिंपडताना झारी हातातून निसटली आणि सगळं पाणी सांडलं. तेवढ्यात आकडा आला. महाराज स्वतः सगळ्यांत जास्त दचकले, असं वहिनीने डोळ्यांनी पाहिलं. पण माणूस हुशार. पलीकडचा काठ येईपर्यंत ते उचकीमहाराजांचे तळमहाराज झाले होते.

त्यानंतर रोज तेच चालू झालं. महाराज होडीत असले की यंत्र चाले, मध्ये एकदा ते पुन्हा झारी ओतत, आणि ते उतरून गेले की थोड्या वेळाने पुन्हा तीन रेघा. इतर कुणी फळी उचलायची नाही, उचलली तर समुद्र कायमचा रुसेल, अशी सक्त ताकीद होती. मी दादाला म्हटलं, "यंत्र बिघडलेलं आहे. परत दे."

"बिघडलेलं असतं तर महाराजांसमोर कसं चालतं?" दादा म्हणाला.

मी पिशवी उचलली आणि तरातरा निघून गेले. उत्तर नसलं की माझी चिडचिड होते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण महाराजांनी निकाल दिला. होडीलाच दोष आहे. ती संसारी माणसाच्या नावावर राहील तोवर समुद्र तिच्याशी बोलणार नाही. होडी महाराजांच्या चरणी द्यायची. दादाने ती चालवायची, महाराजांनी तीत बसायचं, आणि पोटापुरतं ते दादाला देत जातील. येत्या रविवारी धक्क्यावर सर्वांसमक्ष दादा त्यांच्या हातात इंजिनाची चावी ठेवणार, असं ठरलं.

ते ऐकल्यापासून वहिनीच्या पोटात दुखायला लागलं. ती माझ्याकडे दवाखान्यात आली आणि टेबलावर आडवी होता होता म्हणाली, "खडा असेल बघ. नाहीतर मग तुझा दादाच असेल."

मी पोटावर जेली लावली तशी ती शहारली. "ई! किती गार! हे लावल्याशिवाय चालतच नाही का गं?"

"नाही चालत. हे यंत्र आत आवाज सोडतं, आपल्याला ऐकू न येणारा. तो आत आपटून परत येतो, त्यावरून मला चित्र दिसतं. पण मध्ये हवा आली की आवाज हवेवरूनच मागे फिरतो, आत जातच नाही. जेली हवेला हाकलते. त्यात एखादा बुडबुडा राहिला तरी मला तिथे काळं दिसतं."

"म्हणजे कोरड्यावर ठेवलं तर तुझं यंत्र आंधळं?"

"ठार आंधळं."

"आणि जेलीच्या जागी पाणी लावलं तर?"

"पाण्यानेही दिसेल. फक्त ते ओघळून जातं, म्हणून जेली."

 पोटावर जेली तशीच थबथबलेली असताना वहिनी ताडकन उठून बसली.

"अगं, मग महाराज दुसरं काय करतात?"

"कुठे ओततात ते पाणी?" मी विचारलं. हे मी इतक्या दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं.

"पाइपात! तुझ्या दादाला भोक नको होतं. चिकटवायचं म्हटलं तर म्हणाला, चिकटवलं की दुकानदार परत घेणार नाही. मग त्याने पाइपचा तुकडा आणला, तो होडीच्या तळावर आतून उभा केला, चिकटपट्टीने बसवला, म्हणजे कधीही काढता येईल. आणि त्यात तो कान ठेवला. खाली माझा नवा कोरा टॉवेल, चार घड्या घालून."

"टॉवेल? तो कशाला?"

"यंत्र नाजूक. हादरे बसू नयेत म्हणून."

मला हसू आवरेना. हा माझा दादा अगदी असाच आहे. त्याच्या घरचा फ्रिज मोडीत निघाला, पण त्याच्यावरचं प्लॅस्टिक शाबूत आहे. ज्याने ऐकायचं त्या कानाला त्याने जाड गादीवर निजवलं होतं, आणि मग हा ऐकत का नाही म्हणून रडत होता. कोरड्या टॉवेलात ठासून हवा. महाराज पाणी ओतत, टॉवेल भिजे, हवा निघून जाई, आवाज तळाच्या फायबरमधून समुद्रात जाई आणि आकडा येई. मग चिकटपट्टीच्या फटीतून पाणी झिरपून गेलं की पुन्हा तीन रेघा. महाराजांचा सगळा महिमा एका गळक्या पाइपात होता.

वहिनीच्या पोटात खडा निघाला नाही. आम्ही दोघी तशाच दादाकडे गेलो आणि सगळं त्याच्यापुढे मांडलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"फळी उचलून एकदा करून बघू," मी म्हटलं.

"नाही."

"अरे, साध्या पाण्याने होईल!"

"आणि नाही झालं तर? समुद्र रुसला तर?" त्याचा आवाज बारीक झाला. "तुझा दवाखाना आहे. माझी ही एकच होडी आहे. तुझं चुकलं तर तू फक्त चुकशील. मी काय करू?"

त्या वेळी मला दादाचा राग आला नाही. माझा हा भाऊ मूर्ख नाही. तो घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसाला कुणीतरी ठामपणे बोलणारं लागतं. महाराज ठामपणे बोलत होते, एवढंच.

रविवारी धक्का पुन्हा गच्च भरला. बंदराचे साहेबही आले होते. दादा इस्त्रीचा सदरा घालून होडीत उभा होता, मुठीत चावी. महाराज झारी घेऊन पायऱ्या उतरायला लागले तशी मी आडवी आले.

"महाराज, दोष होडीत आहे ना?"

"होडीत आहे, बाई."

"आणि गुण तुमच्या पाण्यात?"

"पाण्यात, वाणीत आणि सान्निध्यात."

"मग आज तुम्ही धक्क्यावरच थांबा. वाणी इथून चालू द्या. मी दुसऱ्या कुठल्याही पाण्याने आकडा आणून दाखवते. नाही आला तर दादा चावी देईल आणि मी तुमच्यापुढे हात जोडेन."

गर्दीला हे फारच आवडलं. फुकट तमाशा कुणाला नको असतो? "होऊन जाऊ द्या!" असा ओरडा झाला. महाराजांना नाही म्हणता येईना. बंदराचे साहेब म्हणाले, "हरकत नाही," आणि साहेबांनी परवानगी दिल्यावर दादाही बाजूला सरकला.

मी होडीत उतरले, फळी उचलली. पाइप कोरडा, टॉवेल कोरडा, काचेवर तीन रेघा. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "पाणी द्या कुणीतरी. कसलंही चालेल!"

धक्क्यावरच्या सोडावाल्याने तत्परतेने बाटली फोडून पुढे केली. मी मोठ्या ऐटीत ती पाइपात ओतली. आत फस्स असा आवाज झाला. मी काचेकडे पाहिलं, सगळ्यांनी पाहिलं. रेघा जशाच्या तशा होत्या.

महाराजांचा चेहरा उजळला. "डॉक्टरबाई, तुम्ही माणसांची पोटं बघा. समुद्राच्या पोटात नाक खुपसू नका!"

हास्याचा असा स्फोट झाला की मी कानकोंडी झाले.  दादाने माझ्याकडे असं पाहिलं की ती नजर मी विसरणार नाही, त्यात राग नव्हता, नुसतं ओझं होतं. मग तो वळला आणि चावी धरलेला हात त्याने महाराजांपुढे केला.

"अहो, थांबा!" वहिनी किंचाळली. ती पायऱ्यांवरून धडपडत खाली आली आणि माझ्यावरच खेकसली, "सोडा ओततेस? बुडबुडे नसतात का त्यात? मला टेबलावर निजवून एवढं शिकवलंस आणि स्वतःच विसरलीस?"

मी जीभ चावली. टॉवेलभर बुडबुडे! मीच हवा काढायला निघाले होते आणि बाटलीभर हवा आत ओतली होती.

वहिनीने माझी वाट पाहिली नाही. तिने टॉवेल बाहेर काढून खसाखसा पिळला, घड्या न घालता कोपऱ्यात फेकला, कान पाइपात सरळ तळावर ठेवला. मग इकडेतिकडे बघितलं. होडीत चढताना लोक चिखलाचे पाय ज्यात बुडवतात ती बादली कडेला होती, आत मग ठेवलेला. तिच्यातलं पाणी चहासारखं झालं होतं. तिने मगभर उचललं आणि पाइपात सावकाश सोडलं.

काच लुकलुकली आणि आकडा आला. नऊ फूट.

 बॅटरीला नमस्कार करणारे गृहस्थ हळूच म्हणाले, "पाय धुतलेलं पाणी?"

"तुमचेही पाय असतील त्यात," वहिनी म्हणाली.

महाराज सावरायला लागले. "हा आकडा खोटा आहे! माझ्या शक्तीशिवाय आलेला आकडा..."

दादाने त्यांना पुरतं बोलू दिलं नाही. त्याने खुणा केलेला बांबू घेतला आणि होडीच्या कडेने पाण्यात सोडला. बांबू तळाला टेकला. त्याने बोटाने खूण धरली, वर काढला आणि बंदराच्या साहेबांपुढे धरला.

"नऊ," साहेब म्हणाले.

दादाने पाइपातलं पाणी उपसून टाकलं, पाइप कोरडा केला, रेघा आणल्या. पुन्हा बादलीतलं पाणी घातलं, आकडा आला. त्याने तीनतीनदा करून पाहिलं, एखाद्या हट्टी मुलासारखं, आणि दर वेळी त्याचा चेहरा थोडा थोडा मोकळा होत गेला. शेवटी तो महाराजांकडे वळला.

"महाराज, आता तुमचं पाणी. पण पाइपात नको. काचेवर घाला, इंजिनावर घाला, माझ्या डोक्यावर घाला. समुद्र तुमच्याशीच बोलतो ना? मग पाइप कशाला लागतो?"

"आजची वेळ बरी नाही," महाराज म्हणाले.

"वेळेचं काय, आम्ही थांबतो!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं, आणि आता सगळा धक्का हसत होता तो त्यांना.

महाराजांची पंचाईत अशी की त्यांचा मुक्काम पलीकडच्या काठावर, आणि जायला होडी एकच. ते मागच्या फळीवर जाऊन बसले. अर्ध्या वाटेत पाइपातलं पाणी उतरलं तेव्हा दादाने हात मागे केला. "जरा झारी द्या. नळी लांब आहे, नेम चांगला लागतो."

त्यांनी दिली.

दुसऱ्या दिवशी दादाने पाइप काढून टाकला. तळाची जागा पॉलिशपेपरने घासून साफ केली. चिकटवायचा मसाला त्याने इतका हलक्या हाताने ढवळला की वहिनी म्हणाली, लेकराला जोजवतानासुद्धा एवढा हळू हात नव्हता. बुडबुडा राहू नये म्हणून कान किंचित फिरवत फिरवत दाबला आणि मसाला घट्ट होईपर्यंत कुणालाही होडीत पाऊल टाकू दिलं नाही. साहेबांनी येऊन तपासलं आणि माणसं न्यायला हरकत नाही असं सांगून टाकलं.

आता मला तुमच्याशी थोडं सरळ बोलायचं आहे. महाराज पाणी ओतत होते हे शेकडो माणसांनी पाहिलं. आकडा येत होता हेही पाहिलं. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. खोटी होती ती मधली जोड, आणि ती तपासायला काही लागत नव्हतं. महाराजांना बाजूला उभं करून तेच पाणी दुसऱ्याच्या हाताने ओतायचं, मग तेच हात ठेवून पाणी बदलायचं, एवढंच. जो म्हणतो हे फक्त मलाच जमतं, इतर कुणी फळी उचलायची नाही, त्याच्याच फळीखाली आधी बघा. पहिल्या खेपेला तुमची फजिती होईल, माझी झाली तशी. लोक हसतील. हसू द्या, आणि पुन्हा करून बघा. घाबरून आपली हक्काची वस्तू दुसऱ्याच्या हातात देण्यापेक्षा हसं झालेलं परवडतं.

परवा दाट धुकं होतं. दोन्ही काठ दिसत नव्हते आणि होडी माणसांनी भरलेली होती. एक म्हातारी आजी खाली बसत, पदर सावरत दादाला म्हणाली, "बाळा, महाराज नाहीत का आज? मग कसं रे जायचं?"

दादाने काचेवर नजर ठेवून इंजिनाची चावी फिरवली.

"महाराज नाहीत, आजी," तो म्हणाला. "खाली सात फूट पाणी आहे. आपल्याला तीन लागतं. बसा निवांत."